चार वर्षांपासून

"ह्यांच्या छातीत चार वर्षांपासून दुखतंय, असं डॉक्टरांना कुणी सांगितलं?"

विम्याच्या खिडकीतल्या बाईंनी केसपेपर पुढे सरकवला. गिरिजाबाईंनीच सांगितलं होतं. दुखणं फक्त चार दिवसांचं होतं. पण सरकारी दवाखान्यात 'कालपासून' म्हटलं की गोळ्या देऊन घरी धाडतात, हा त्यांचा जन्माचा अनुभव. म्हणून लेकाला इथं भरती करताना त्यांनी दिवसांची वर्षं केली होती.

"पॉलिसी दोन वर्षांपूर्वीची. जुनं दुखणं लपवून घेतली, असं कंपनी म्हणते. ऑपरेशनला मंजुरी नाही, मावशी."

"मी खोटं बोलले हो ताई. खोडा की ते!"

"लिहिलेलं खोडता येत नाही. आज पुन्हा अर्ज पाठवून बघते; पण आता तोंड सांभाळा."

गिरिजाबाई वॉर्डात परतल्या. श्रीरंग सकाळपासून छाती धरून कळवळत होता. आत्ता कुठे त्याचा डोळा लागला होता.

राउंडला आलेल्या डॉक्टरांनी केसपेपर उघडला. "आज पुन्हा दुखलं का ह्यांना?"

गिरिजाबाईंची नजर त्यांच्या पेनाच्या टोकावर खिळली.

"छे हो," त्या म्हणाल्या, "अगदी ठणठणीत आहे पोरगं."