खारीगाउँचा वारा

“खारीगाउँ, वारा किती?”

वायरलेसवर कॅप्टन थुलुङचा आवाज होता. विमान खिंड ओलांडून आलं होतं. नंदकला बुढाने खिडकीतून पाहिलं. धावपट्टीच्या कडेला, बांबूला बांधलेल्या घोंगडीत तिची लेक पानसरा पडली होती. काल सांजेपासून कळा चालू होत्या. मूल आडवं होतं. नर्सने पहाटेच हात टेकले होते. म्हणाली होती,

“आज नेपाळगंजच्या इस्पितळात पोचली तर दोघंही वाचतील. नाही पोचली तर मला काही विचारू नका, दिदी.”

सरकारी विमानसेवेचं खारीगाउँमधलं कार्यालय म्हणजे एकटी नंदकला. तिकिटं तीच फाडायची, माणसांना वजनकाट्यावर तीच चढवायची, भोंगा वाजवून धावपट्टीवरच्या शेळ्या तीच पळवायची आणि वैमानिकाला वाराही तीच सांगायची. कंपनीकडे सात लहान विमानं होती तेव्हा रोज एक यायचं. आता पाच काठमांडूत उघड्यावर पडली होती. त्यांचे भाग काढून उरलेली दोन उडत. त्यातलं एक आठवड्यातून एकदा इकडे फिरकायचं. गाडीरस्ता तीन दिवसांच्या चालीवर होता.

वारा पंधरा नॉटच्या वर गेला की उतरायचं नाही, हा नियम. दहा वाजत आले की वारा चढायचाच. आणि धावपट्टीच्या कडेला दर खेपेला कुणीतरी घोंगडीत पडलेलं असायचं. म्हणून नंदकलाचा वारा नेहमी जरा मऊ असे. कड्यावरून पडलेल्या म्हाताऱ्यासाठी तिने सतराचे बारा केले होते. मास्तरांच्या तापलेल्या पोरासाठी अठराचे तेरा. प्रत्येक वेळी विमान हेलकावत का होईना, उतरलं होतं. लोक तिच्या उंबऱ्यावर अक्रोड ठेवून जात. थुलुङ तेवढा कपाळाचा घाम पुसत म्हणायचा, “दिदी, तुमच्याकडचा वारा तुमच्यासारखाच मायाळू बरं का!” ती हसायची आणि नजर चुकवायची.

“खारीगाउँ, ऐकताय ना? वारा?”

तिने वारामापक खिडकीबाहेर धरला.   काटा चौदावर थांबला. पुन्हा पाहिलं. चौदाच.

“लवकर करा, दिदी!” बाहेरून नर्स ओरडली. “हिचे पाय गार पडायला लागलेत!”

नऊ सांगावं. जीभ नऊपर्यंत आलीही. पण विमानात दुसऱ्यांची लेकरं बसली होती. परक्यासाठी खोटं बोलणं तिला कधी जड गेलं नव्हतं. स्वतःच्या पोरीसाठी मात्र ते पाप वाटलं. आणि आज गरजच काय होती? चौदा नियमात बसत होते.

“चौदा, कप्तानसाब,” ती म्हणाली. “पट्टी मोकळी आहे. या.”

 मग नर्सने आभाळाकडे बोट केलं. डोंगराच्या कुशीत विमान दिसलं. घोंगडी उचलायला चौघे वाकले.

विमानाचा एक पंख कलला. नाक दक्षिणेकडे वळू लागलं.

“कप्तानसाब! कुठे निघालात?”

“परत, दिदी. त्या हेलकाव्यांपासून आम्ही सगळे वैमानिक तुमच्या आकड्यात पाच मिळवूनच धरतो. एकोणीस झाले.”

“नाही हो! आज खरंच चौदा आहेत! देवाशपथ! माझी पानसरा आहे इथे, माझी पोर!”

 थुलुङ बोलला तेव्हा त्याचा आवाज जड झाला होता.

“परक्यांसाठी तुम्ही पाच कमी करता, दिदी. पोटच्या पोरीसाठी किती केले असतील?”