प्रकरण शून्य एक

"हे घे आणि परत करून टाक," मावशीनं मशीन टेबलावरून भाचीकडे सरकवलं. "वायर, खोका, सगळं आहे. बघून घे."

भाची दारातच उभी होती, हेल्मेटसुद्धा न काढता. कामावर जाता जाता मशीन वाचनालयात द्यायचं आणि पुढं सुटायचं, असा तिचा बेत होता. पण मावशीचा सूर ऐकून तिनं हेल्मेट काढलं. मावशीची नजर जाऊन वर्ष झालं होतं. त्याआधी छत्तीस वर्षं तिनं छापखान्यात प्रुफं तपासली होती. पुस्तक वाचून दाखवणारं हे तळहाताएवढं मशीन भाचीनंच खटपट करून वाचनालयातून मिळवलं होतं, त्याला जेमतेम तीन आठवडे झाले होते.

"वाचणाऱ्याचा आवाज आवडला नाही का?"

"आवाज गोड आहे. लेखकाचं काहीतरी बिघडलंय. दुसऱ्या प्रकरणात कप्तान मेला. सगळ्यांनी रडून भेकून त्याला समुद्रात सोडलं. चौथ्यात गोष्ट संपली. आणि पाचव्यात हा बाबा आरशासमोर दाढी करत शीळ घालतोय! मी दोनदा ऐकलं." मावशीचा आवाज बारीक झाला. "मग वाटलं, लेखकाचं कशाला, माझंच बिघडलं असेल. डोळे गेले, आता डोकंही निघालं."

भाचीनं खुर्ची ओढली, पिशवीतून लॅपटॉप काढला आणि मशीन त्याला जोडलं. पडद्यावर उमटलेली नावं ती मोठ्यानं वाचू लागली.

"प्रकरण एक. प्रकरण दहा. अकरा. बारा. प्रकरण दोन..."

"काय म्हणालीस?"

"मावशी, हे मशीन आकडा मोजत नाही गं. नुसता पहिला अंक बघतं. दहा, अकरा, बारा लिहिताना आधी एकच येतो, म्हणून ती सगळी आधी, मग दोन. म्हणून दुसऱ्याच्या जागी तुला दहावं ऐकवलं."

मावशी हसायला लागली ती थांबेचना. डोळ्यांतून पाणी आलं तरी हसतच होती.

"म्हणजे बाइंडरनं पानं उलटसुलट शिवली! अगं, छापखान्यात दर वर्षी एकदा तरी व्हायचं हे. पण तेव्हा पानावर आकडा दिसायचा मला. आणि मी इथं तीन आठवडे स्वतःला वेडी समजत बसले!"

"तुझं डोकं ठणठणीत आहे. आता प्रत्येक आकड्याआधी शून्य घालू, म्हणजे..."

"नऊपर्यंतच. दहाला कशाला?"

भाचीनं तिच्याकडे पाहिलं आणि ऑफिसला फोन करून सांगितलं, तासभर उशीर होईल.

एक पुस्तक ओळीत लागल्यावर मावशीला चेव आला. बाकीची पुस्तकं एकाच ढिगात कोंबलेली होती. "नवे फोल्डर कर," तिनं फर्मान सोडलं. "कथा एकीकडे, प्रवास एकीकडे, कविता एकीकडे." भाची टाइप करत गेली.

"कविता लिहिलंस?"

"लिहिलं."

"वेलांटी पहिली ना?"

भाचीनं पडद्याकडे पाहिलं. आवाज न करता दोन अक्षरं खोडली, पुन्हा लिहिली. "हो, पहिलीच आहे."

"आता आहे," मावशी म्हणाली.

सगळं आटोपल्यावर तिनं मशीन हातात घेतलं, बोटांनी बटणं चाचपली आणि स्वतःच पुस्तक सुरू केलं. "प्रकरण शून्य एक," मशीन बोललं. मावशीनं पहिल्या दोन ओळी ऐकल्या आणि थांबवलं.

"वाचनालयाला फोन लाव. हे पुस्तक आणखी कुणाकुणाला दिलंय त्यांनी?"

फोनवरच्या ग्रंथपालांनी यादी बघितली. "आणखी पाच जणांकडे आहे, बाई. कुणाची तक्रार नाही."

"तक्रार कशी करतील? माझ्यासारखेच गप्प बसले असतील बिचारे. पाचही मशीनं इकडे पाठवा. आम्ही लावून देतो."

"फार बरं होईल. पण त्यातले एक आजोबा देतील असं वाटत नाही. त्यांनी तीनदा ऐकलंय ते. सगळ्यांना सांगत सुटलेत की असं पुस्तक जन्मात वाचलं नाही. म्हणे, माणूस मरतो, पार गोष्ट संपते, आणि मग तो मजेत परत येतो."

मावशीनं फोन दुसऱ्या कानाला लावला. मावशी आता काय सुनावणार, याची भाची वाट बघत होती.

"चारच पाठवा," मावशी म्हणाली. "आणि आजोबांना काही बोलू नका."