नवीन बिल्डिंगचा तळमजला

जालना रोडवरच्या बिझनेस पार्ककडे जाणाऱ्या सकाळच्या बसमध्ये मोनिकाच्या शेजारी बहुतेक वेळा साहेबराव बसायचे. पार्कची अर्धी जमीन एकेकाळी त्यांची होती. ती दिल्यावर ते मुकुंदवाडीत लेकाकडे राहायला आले, आणि आता रोज त्याच जमिनीवर माळीकामाला जायचे.

सोमवारी मोनिका खुशीत होती. "काका, आमच्या डिपार्टमेंटला आजपासून नवीन बिल्डिंग मिळाली. फाटकाजवळची, निळ्या काचांची. आम्ही चाळीस जण तळमजल्यावर."

साहेबराव खिडकीकडून तिच्याकडे वळले.

"तिथं माझी विहीर व्हती, पोरी. साठ फूट खोल."

"बुजवली असेल की."

"नाय. बुजवायला लई दिवस लागले असते. माझ्या डोळ्यांदेखत नुसता वरून स्लॅब टाकला."

फाटकाशी बस थांबली, साहेबराव उतरून गेले, तरी मोनिका सीटवरून उठली नाही. तिथूनच तिनं पार्कच्या मेंटेनन्स मॅनेजरना फोन लावला आणि ऐकलेलं सगळं सांगितलं. जरा तपासून घ्या म्हणाली. तोवर आम्ही जुन्याच जागी बसतो म्हणाली.

मॅनेजरनी तिचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.



"आम्हाला माहीत आहे, मॅडम. म्हणून तर तिथं जड मशीन एकही ठेवलं नाही. फक्त माणसं बसवलीत."