कुठल्या चर्चचे तुम्ही?

"आज लग्न नाही," ओकाबे-सान म्हणाले. "आज सिनेटर."

गळ्याची पांढरी पट्टी बसवता बसवता सदानंद आगाशेचा हात थांबला.

योकोहामाच्या त्या हॉटेलात सातव्या मजल्यावर चॅपल होतं. दर रविवारी तिथे तीन-तीन लग्नं लावायची, हा सदानंदचा आरुबाइतो, म्हणजे फावल्या वेळची नोकरी. जपानी जोडप्यांना लग्न चर्चमधल्यासारखं हवं असे आणि पाद्री गोरा. त्याचा धर्म कुणी विचारत नसे. सदानंद वाईचा, गोरापान, घाऱ्या डोळ्यांचा. वडील भिक्षुकी करत, त्यामुळे लग्न लावायचा आवाज घरचाच. हॉटेलला तेवढं पुरलं. एरवी आठवडाभर तो विद्यापीठात रसायनशास्त्राच्या प्रबंधामागे लागलेला असे.

"कोण सिनेटर?"

"मॅकॅल्विन. अमेरिकेचे. पुढच्या वर्षी, शहाण्णवात, राष्ट्राध्यक्ष व्हायचंय त्यांना." हॉटेलचे मॅनेजर असल्यामुळे ओकाबे-सानना सगळ्या पाहुण्यांच्या इच्छा पाठ असत. "व्यापाराच्या बोलण्यांसाठी आलेत. पण त्यांच्याकडे रविवार चुकवून चालत नाही म्हणे. देवापुढे मान झुकवलेला फोटो हवा. तुम्ही आशीर्वाद द्यायचा, बोकुशी-सान." हॉटेलात सदानंदला सगळे अशीच हाक मारत. पाद्रीबुवा!

"अहो, टेकडीवर खरं चर्च आहे. त्यात खरा पाद्री आहे. तिकडे न्या की त्यांना!"

"पाहुण्यांनी इथलंच मागितलंय," ओकाबे-सान म्हणाले आणि कमरेत वाकले. आधी थोडे, मग आणखी, मग पार काटकोनात. जपानी माणूस इतका वाकला की नाही म्हणायची सोय उरत नाही.

विद्यार्थ्याच्या व्हिसावर सदानंदनं शिकवण्यांची परवानगी काढली होती, पाद्रीपणाची नव्हे. फोटो छापून आला, कुणी चौकशी केली, की इमिग्रेशनचं बोलावणं ठरलेलं. प्रबंधाला सहा महिने उरलेले, बायकोला, सुचित्राला, सातवा महिना लागलेला, आणि गाशा गुंडाळून परत वाई.

तेवढ्यात लिफ्ट उघडली. सिनेटर ताडमाड, चेहऱ्यावर हसू इस्त्री करून बसवलेलं. मागे त्यांची बायको, दोन फोटोग्राफर आणि छातीशी फाईल धरलेली मिस डोरान. प्रचाराची सगळी सूत्रं या बाईच्या हातात.

सिनेटर वेदीपुढे गुडघ्यावर बसले. सदानंदनं तोंड उघडलं आणि त्याच्या ध्यानात आलं, आपल्याला फक्त लग्न लावता येतं. दुसरी प्रार्थना येतेय कुणाला?

आता माघार नव्हती. त्यानं वाईचा खणखणीत आवाज लावला. "तुम्ही या देशाला सुखात आणि दुःखात, संपत्तीत आणि गरिबीत, आजारात आणि आरोग्यात अंतर देणार नाही, असं वचन देता का?"

सिनेटर दचकले. "देतो," ते पुटपुटले. मागे त्यांच्या बायकोनं डोळ्यांना रुमाल लावला. तिला स्वतःचं लग्न आठवलं असावं. फ्लॅश उडाले. देशाला चुंबन द्यायला सांगायचं सदानंदनं कसंबसं टाळलं.

"रेव्हरंड, एक मिनिट," मिस डोराननं त्याचा दंड धरला. नवरीच्या सजायच्या खोलीत नेऊन तिनं दार लावलं आणि दाराला पाठ टेकून उभी राहिली. खोलीला दुसरं दार नव्हतं, खिडकी नव्हती. चारी भिंतींना आरसे. सदानंदनं जिकडे मान फिरवली तिकडे एकेक घामाघूम पाद्री.

"फार सुरेख बोललात. कुठल्या चर्चचे तुम्ही?"

"प्रभूचं घर एकच असतं, मॅडम."

"हो, पण दारं पुष्कळ असतात. बॅप्टिस्ट?"

"तसं... जवळचेच."

"मेथॉडिस्ट? की कॅथलिक?"

"माझं कुणाशीच वाकडं नाही."

बाई हसली नाही. "हे बघा, गेल्या महिन्यात आयोवातल्या एका गावात सिनेटर एका चर्चमध्ये गुडघे टेकून आले. दुसऱ्या दिवशी समोरच्या, दुसऱ्या पंथाच्या चर्चनं आमची सभा रद्द केली. पक्षाचा उमेदवार ठरवायला सुरुवात तिथूनच होते, रेव्हरंड! हा फोटो उद्या तिकडे छापून येणार. पत्रकार पहिला प्रश्न विचारणार, पाद्री कोणाचा? मी जे सांगेन ते फोन करून ताडून बघणार. तेव्हा नीट सांगा. तुमचं चर्च कुठलं आणि तुमच्या वरचा माणूस कोण?"

सदानंदच्या वरचा माणूस म्हणजे प्रबंधाचे मार्गदर्शक, प्राध्यापक मुराता. त्यांना फोन गेला तर संपलंच. बॅप्टिस्ट म्हणावं तर दोन फोनांत उघडं पडायचं, मेथॉडिस्ट म्हणावं तर तीनांत. आरशांतल्या सगळ्या पाद्र्यांकडे त्यानं आळीपाळीनं पाहिलं. एकालाही काही सुचत नव्हतं.

तो नवरीच्या स्टुलावर मटकन बसला.

"मॅडम, माझं कुठलंच चर्च नाही. मी पाद्रीच नाही. मी हिंदुस्थानातला ब्राह्मण आहे, वडील पूजा सांगतात. इथे रसायनशास्त्र शिकतो. बायबल माझ्याकडे आहे, पण ते हॉटेलच्या खोलीतल्या टेबलाच्या खणातलं. तुमच्या साहेबांना मी फसवलं. काय वाटेल ते बोला मला, फक्त वर कळवू नका. घरी बायकोला दिवस गेलेत हो."

मिस डोरानच्या हातातून फाईल सटकली आणि कागद जमिनीवर पसरले. तिनं डोळे मिटून घेतले, लांब श्वास सोडला. मग वळून दार सताड उघडलं आणि चॅपलभर ऐकू जाईल अशी हाक मारली.

"सर, काळजी मिटली! आता कुठलंच चर्च रुसणार नाही. आपण मागितला होता तसाच पाठवलाय हॉटेलनं. खरा नाहीये!"