गोमाजीचा सूर्य

बाबुरावांनी भिंग खाली ठेवलं, चष्मा पुसला आणि पुन्हा भिंग उचललं. वर्षालीने मोबाइलमध्ये वेळ पाहिली. तीन वाजून दहा मिनिटं. पाच वाजता गावात, कोपरला, सह्या होणार होत्या आणि ती अजून वर्तकनगरातच होती.

"चहा घे," बाबुराव म्हणाले. ते निवृत्त कारकून, मोडी वाचणारे.

तिने कप हातात घेतला आणि तसाच ठेवला.

खाडीची हद्द नव्याने मोजली होती. गावातर्फे पाच पंच नकाशावर सही करणार होते. पाचवी खुर्ची वर्षालीच्या बाबांची. ते गेल्या वर्षी गेले. नव्या नकाशात मासळी सुकवायची जागा हद्दीबाहेर गेली आहे, हे तिनेच मोजून दाखवलं होतं.

"नकाशा तू वाच गो, सही माझा जयेश करंल," देवरामकाका म्हणाले होते. "गोमाजीपासून त्या खुर्चीवर घरातला गडीच बसलाय."

"जयेशला नकाशा उलटा धरलेला कळत नाही, काका."

"गोमाजीला तरी कुठं लिवता येत होतं?"

गोमाजी म्हणजे खापरपणजोबा. दीडशे वर्षांपूर्वी शेजारच्या गावाशी तंटा झाला, तेव्हा साहेबापुढे उभं राहून त्यांनी हद्द खाडीच्या मध्यावर नेली, असं सगळं गाव सांगतं. त्या कराराची झेरॉक्स काकांच्या घरात फ्रेम करून लावली आहे. चार पंचांच्या नावांखाली सहीऐवजी एकेक वल्हं. गोमाजींच्या नावाखाली मात्र नुसतं वर्तुळ. काका म्हणत, सूर्य आहे तो, पुढारी होता आपला. त्यांच्या दोन्ही होड्यांवर तो सूर्य रंगवला होता. जेट्टीवरचा मिशीवाला पुतळाही तयार होता, छातीवर सूर्य.

चार वल्ही आणि एकच सूर्य, हे वर्षालीला खटकत होतं. शिवाय ते नाव आणि वर्तुळ यांच्यामध्ये कागदाला घडी पडली होती. घडीत एखादी ओळ सहज लपली असती. तिने सरकारी दप्तरातून मूळ कागदाची, घडी उलगडून काढलेली प्रत मागवली. ती आज सकाळी हातात पडली.

फोन वाजला. काका.

"अगं, हायेस कुठं? स्पीकरवर हाय तू, चारी पंच ऐकतात."

"मोडीवाल्यांकडे. वाचतायत."

"मेलेला माणूस कागद बदलतो काय?" मागे कोणीतरी हसलं.

"काका, त्या कागदाला बाईचा हात लागलेला निघाला तर?"

"तर तुलाच बसवतो खुर्चीत! देवाशप्पथ. या चौघांसमोर बोलतो."

बाबुराव स्वतःशीच पुटपुटले, "ज्याची त्याची निशाणी ठरलेली असायची. कुणब्याचा नांगर, कोळ्याचं वल्हं. सूर्य मी चाळीस वर्षांत पाहिला नाही."

भिंग घडीच्या जागी थांबलं. वर्षालीने फोन टेबलावर ठेवला. तो चालूच होता. बाबुराव ओळीखाली बोट धरून मोठ्याने वाचू लागले.

"गोमाजी पाटील मयत. सबब त्याची विधवा सगुणा, पंच. निशाणी बांगडी."