बाकड्यावरची ऊब

सायखेडा रस्ता रुंद करायचा, म्हणून नवाकोरा बसथांबा पहिली बस येण्याआधीच पाडायचं ठरलं. तो उभारणारी इंजिनीअर चैताली गारठ्याच्या सकाळी शेवटची पाहणी करायला आली.

स्टीलचं बाकडं बर्फासारखं गार होतं. फक्त कडेची एक जागा कोमट लागली, नुकतंच कुणी उठून गेल्यासारखी.

"रोजच लागते, मॅडम," राखणदार सावळीराम म्हणाला. "पण इथं कुणी बसत नाय. बस तरी कुठं सुरू हाय?"

तो चहा आणायला गेला. चैताली त्या जागेशेजारी टेकली. का कोण जाणे, तिला भरून आलं.

"नाही पाडू देणार मी," ती हळूच म्हणाली.

बाकड्यावर टेकलेल्या तिच्या हातावर कुणीतरी आपला खरबरीत हात ठेवला आणि मायेनं दाबला.