एका बटणात सगळी पेठ

"आता दाबा, अण्णा," मोना म्हणाली.

मृत्युंजयअण्णांनी एकदा मोनाकडं, एकदा मोबाईलकडं पाहिलं आणि बटण दाबलं.

समोर कट्ट्यावर वरच्या तालमीचा फुटबॉल संघ चहा पीत बसला होता. आधी एकाचा खिसा वाजला, मग दुसऱ्याचा, आणि बघता बघता सगळा कट्टा टुणटुण करायला लागला. गोलकीपरनं दचकून चहा मांडीवर सांडला. प्रत्येकाच्या मोबाईलवर एकच मेसेज होता : 'सरावाला चारला या. मृत्युंजय.'

अण्णांनी आ वासला तो मिटेचना. शिवाजी पेठेतल्या या तालमीचे ते कैक वर्षांचे सेक्रेटरी. साधा सरावाचा निरोप द्यायचा तर दारोदार फिरून घसा बसायचा. आणि ही पोरगी रिचार्जच्या दुकानात बसल्या बसल्या एका बटणात सगळ्यांना हाक मारत होती. अशी सोय काढणाऱ्याच्या पाया पडावं, असं त्यांना मनापासून वाटलं.

"गटाचं नाव आधी लिवायचं, मग मेसेज," मोनानं पुन्हा बजावलं. "'वर' लिवलं की आपल्या पोरांना जाणार. नाव विसरला तर ज्या गटाला शेवटचा धाडलाय, त्यालाच जातोय."

"मग 'खाल' म्हणून बी एक गट कर की."

मोना समजली. उद्या खालच्या तालमीशी फायनल होती. दोन तालमींच्या मध्ये एक गल्ली, पण बोलणंचालणं बंद. खालच्या तालमीचे सेक्रेटरी गणपतराव आणि अण्णा लग्नाच्या पंगतीतही एकमेकांकडं पाठ करून बसायचे. रिचार्जला मात्र दोन्हीकडचे मोनाकडंच यायचे, त्यामुळं नंबर सगळ्यांचे तिच्याकडं होते.

"हे बरं दिसतंय व्हय, अण्णा?"

"चिडवायचं न्हाय तर मॅच खेळायची कशाला?"

हा मेसेज अण्णांनी स्वतः टाईप केला, जिभेचं टोक बाहेर काढून : 'उद्या येताना रुमाल आणा. रडायला लागेल.' बटण दाबलं, आणि थोड्याच वेळात गल्लीपलीकडून कुणीतरी कचकचीत शिवी हासडली. अण्णा पोट धरून हसले.

ते हसत असतानाच त्यांच्या बायकोचा, नीलम्माचा फोन आला. माहेरी बाळंतपणाला आलेल्या त्यांच्या एकुलत्या एका लेकीला, शांभवीला, रिक्षात घालून स्टँडजवळच्या दवाखान्यात नेलं होतं.

अण्णा पोचले तेव्हा डॉक्टरीणबाई दारातच उभ्या होत्या.

"मुलगी झाली. बाळ छान आहे," त्या म्हणाल्या. "पण आईचं रक्त थांबत नाहीये. गट ओ निगेटिव्ह. रक्तपेढीत या गटाच्या पिशव्या संपत आल्यात. माणसं बोलवा, लवकर."

अण्णांचं रक्त जुळत नव्हतं, नीलम्माचंही नाही. जावई अजून बेळगावहून निघायचा होता. अण्णांनी मोबाईल काढला. अक्षरं धड दिसत नव्हती, तरी कसंबसं लिहिलं : 'शांभवीला रक्त पाहिजे. ओ निगेटिव्ह. स्टँडजवळच्या दवाखान्यात या. माझी एकच लेक हाय. मृत्युंजय.'

बटण दाबलं आणि हात गळ्यातल्या इष्टलिंगाकडं गेला.

"सह्या लागतील, जागचं हलू नका," संयोगिता सिस्टर बजावून गेल्या. अण्णा नीलम्माशेजारी वरच्या मजल्यावरच्या बाकड्यावर बसून राहिले. रक्तपेढी तळमजल्यावर होती. तिथलं काही दिसत नव्हतं, काही ऐकू येत नव्हतं.

थोड्या वेळानं सिस्टर जिन्यातून धापा टाकत आल्या.

"अण्णा, खाली रांग लागलीया. दारापासनं रस्त्यापतूर."

"माझी पोरं?"

"मग कुणाची? शांभवीसाठी आलोय म्हणत्यात. ज्यांचा गट जुळंना ते बी हटंनात. आमचं दुसऱ्या कुणाला द्या, म्हणत्यात. आणि शिस्त तर अशी, एक मिशाळ पावणं सगळ्यांना वळीनं आत सोडाय लागल्यात."

अण्णांना नवल वाटलं. वरच्या तालमीची पोरं आणि ओळीत? लेकीच्या नावानं शहाणी झाली म्हणायची. त्यांनी हातातल्या मोबाईलकडं पाहिलं. एवढीशी डबी, आणि तिच्यात केवढी माणसं.

तेवढ्यात डबी वाजली. गोलकीपरचा मेसेज होता : 'अण्णा चार वाजून गेले. सरावाला कुठं अडकलाय?' बिचाऱ्यानं मघाशी धाडलेला वाटेत अडकून आत्ता पोचला असणार, असं म्हणून त्यांनी मोबाईल खिशात टाकला. नव्या यंत्रात एवढं चालायचंच.

सिस्टर पिशव्या घेऊन आत-बाहेर करत राहिल्या. नीलम्मा ओठांतल्या ओठांत शिवाचं नाव घेत होती. अखेर दार उघडलं, आणि डॉक्टरीणबाईंचा चेहरा पाहूनच अण्णांना कळलं.

"वाचली. वेळेत मिळालं रक्त, नाहीतर कठीण होतं."

आतून शांभवीनं बापाला क्षीण हाक मारली, "अप्पा." ती ऐकून अण्णा भिंतीला टेकले आणि लहान पोरासारखे हुंदके देऊन रडले. मग त्यांनी मोबाईल काढून कपाळाला लावला, देवाचा अंगारा लावावा तसा.

"पोरांना भेटून येतो," ते नीलम्माला म्हणाले. "उद्या मॅच हरली तरी चालंल. जन्मभर ह्यांचं पाणी भरीन मी."

ते डोळे पुसत जिना उतरले आणि शेवटच्या पायरीवर थबकले.

बाकड्यांवर, जमिनीवर, दारात माणसंच माणसं बसली होती. प्रत्येकाची एक बाही दुमडलेली. अण्णांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत चेहरे पाहिले. सगळे ओळखीचे होते. त्यांच्या तालमीतला एकही नव्हता.

कोपऱ्यातून एक मिशाळ गृहस्थ उठले, कोपरातला कापूस दाबत सावकाश पुढं आले. अण्णांनी हात जोडले. डोळ्यांचं पाणी थांबेना.

गणपतरावांनी मोकळा हात खिशात घातला, घडी घातलेला रुमाल काढला आणि अण्णांपुढं धरला.

"घ्या. आणा म्हणून तुम्हीच सांगितलं हुतं न्हवं."